निन्जा ३०० वरून ६५० वर: अमळनेरच्या एका चालकाच्या गाडीबदलाचं प्रकरण

हे प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे. चालक, त्याचे रस्ते आणि पैशांचा हिशेब जुळवून घेतलेला आहे. गाड्यांची ताकद, वजन, टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) हे आकडे उत्पादकांनी दिलेले आहेत.

चालकाचं वय ३३, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७२ किलो. अमळनेरला ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान. सहा वर्षं कावासाकी निन्जा ३०० चालवली, मीटरवर ४१,००० किमी. आठवड्यातून दोन-तीनदा अमळनेर–धरणगाव–जळगाव, अधूनमधून धुळे किंवा चोपडा. महिन्याकाठी एखाद्या रविवारी पहाटे चाळीसगावमार्गे कन्नड घाट, नाहीतर शहाद्याकडून तोरणमाळ. बायको मागे बसते ती शिरपूरला माहेरी जाताना. वर्षातून एक-दोनदा नाशिक.

तक्रारी दोन. धुळे–नाशिक महामार्गावर दोघं आणि बॅग असली की ३०० चं इंजिन सतत वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) ओरडत राहतं. आणि दुपदरी रस्त्यावर कपाशीची ट्रॉली ओलांडायची तर सहाव्या गिअरवरून चौथ्यावर उतरल्याशिवाय गाडी उचलत नाही. तिसरं कारण हौस. हौस हे कारण कमी प्रतीचं नाही, पण ते हिशेबात वेगळं लिहिलेलं बरं, म्हणजे इतर दोन कारणांच्या आड ते लपत नाही.

आधीची गाडी पुरती वापरून झाली होती का?

मोठी गाडी बघण्याआधी ३०० वरच तीन गोष्टी तपासल्या. टायर चार वर्षांचे झाले होते, नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक. चेन-स्प्रॉकेटचा संच दुसरा, पण मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले. एअर फिल्टर धूळ आणि कापसाच्या तंतूंनी गच्च. ही तिन्ही कामं केल्यावर गाडी जी हलकी झाली, त्यात तक्रारीचा बराच भाग मिटला. खानदेशातल्या पुष्कळ गाड्या फक्त फिल्टरमुळे मंद झालेल्या असतात. ऑक्टोबर ते जानेवारी जिनिंगच्या परिसरातून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या अंतराच्या निम्म्यावर उघडून बघायलाच हवा.

उरलेली तक्रार मात्र खरी होती, आणि ती आकड्यांत दिसते. निन्जा ३०० म्हणजे २९६ सीसी, ३९ पीएस (अश्वशक्ती), २६.१ न्यूटन मीटर, आणि हा टॉर्क १०,००० आरपीएमला. सहाव्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला इंजिन साधारण ५,४०० वर फिरतं. म्हणजे ओलांडायच्या क्षणी जी ताकद हवी ती तिथून फार वर बसलेली. निन्जा ६५० म्हणजे ६४९ सीसी, ६८ पीएस, ६४ न्यूटन मीटर, तेही ६,७०० आरपीएमला. तिचं इंजिन सहाव्यात ८० ला साधारण ३,५०० वर असतं. दोन्ही गाड्यांचे गिअर गुणोत्तर धरून सहाव्या गिअरमध्ये मागच्या चाकापर्यंत पोहोचणारा सर्वाधिक टॉर्क काढला, तर घर्षणाची घट सोडून ३०० ला सुमारे २०७ आणि ६५० ला सुमारे ३२८ येतो. दीडपटीहून जास्त, आणि तो कमी आरपीएमवरच हाती येतो.

वजनातला फरक मात्र लोकांना वाटतो तेवढा नाही. ३०० चं भरल्या टाकीसह वजन १७९ किलो, ६५० चं १९६. सीटची उंची जवळपास सारखी, ६५० ची ७९० मिमी. चालक आणि अंगावरचं साहित्य मिळून ७७ किलो धरलं तर टनामागे ताकद १५२ पीएसवरून २४९ वर जाते. गाडी जड होत नाही, हात जड होतो: एक्सलरेटरची मूठ तेवढीच फिरवली की आधीपेक्षा खूप जास्त घडतं. पुढचं सगळं प्रकरण याच एका गोष्टीभोवती फिरतं.

कोणकोणत्या गाड्या पाहिल्या

अप्रिलिया आरएस ४५७ चा विचार झाला: ४७.६ पीएस, ४३.५ न्यूटन मीटर, हलकी गाडी. एकट्याने चालवणाऱ्याला हा पर्याय चांगला. पण दोघं आणि बॅग घेऊन लांब जायची गरज होती, म्हणून ती मागे पडली.

निन्जा झेडएक्स-४आर ने काही काळ डोळे दिपवले. ३९९ सीसी, चार सिलिंडर, ७७ पीएस, म्हणजे कागदावर ६५० पेक्षा जास्त. पण हे ७७ पीएस १४,५०० आरपीएमला मिळतात आणि टॉर्क ३९ न्यूटन मीटरच्या आसपास, तोही १३,००० ला. धरणगाव रस्त्यावर १३,००० आरपीएम कुठे लावणार? ज्या तक्रारीसाठी गाडी बदलायची तीच तक्रार इथे चार सिलिंडरच्या सुंदर आवाजात परत आली असती. पीएसचा आकडा बघून गाडी निवडणाऱ्यांनी त्याच्या शेजारचा आरपीएम वाचावा, तो जास्त बोलका असतो.

ट्रायम्फ डेटोना ६६० (९५ पीएस, ६९ न्यूटन मीटर) या कामाला बसली असती. ती मागे पडली किमतीमुळे आणि दुरुस्तीच्या अंतरामुळे. झेडएक्स-६आर चा विषय लगेच संपला. ८३० मिमी सीट, मनगटावर भार टाकणारी बैठक आणि मे महिन्यातलं भुसावळ-जळगावचं ४५ अंशांचं ऊन या तिघांचं जमत नाही.

कायद्याने यातली कुठलीही गाडी त्याच लायसन्सवर चालते. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा परवाना एकच, त्यात ताकदीचे टप्पे नाहीत. युरोपात मधल्या परवान्याला ३५ किलोवॅटची मर्यादा आहे. इथे तो टप्पा चालकाने स्वतःच पाळायचा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किमी आहे, इतर रस्त्यांवर ६०. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे मोठं इंजिन घ्यायचं ते वेगमर्यादेच्या आत आरामात चालण्यासाठी आणि ओलांडताना उलट बाजूला कमी वेळ राहण्यासाठी. कारण १५० चा वेग असेल तर त्या माणसाने रेस ट्रॅकचं शुल्क भरावं, गाडी तिथे न्यावी.

नवी की जुनी, आणि कुठलं साल

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० च्या वरच्यांवर उपकरासह ३१ होता तो ४० झाला. कर पूर्ण पुढे ढकलला तर लहान गाडी सुमारे पावणेआठ टक्क्यांनी उतरते, मोठी सुमारे सात टक्क्यांनी चढते. गाडी बदलणाऱ्याला याचा दुहेरी फटका बसतो. नवी ३०० स्वस्त झाल्यामुळे त्याच्या जुन्या ३०० चा भाव पडतो, आणि नवी ६५० महागल्यामुळे जुनी ६५० भाव धरते. तरीही जुनीच परवडली.

सालाचा निर्णय महत्त्वाचा ठरला. २०२० ते २०२२ ची ६५० बरीच स्वस्त मिळत होती. पण २०२३ च्या मॉडेलपासून या गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू लागलं की ताकद आवरणारं उपकरण) आलं, दोन पातळ्यांचं, बंदही करता येणारं. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात. पहिल्या सरीनंतर त्या चिखलाचा जो पातळ थर होतो तो साबणासारखा असतो. रावेर-यावलकडे केळीचे खांब आणि पानं रस्त्यावर पडलेली, तापी-गिरणेच्या पुलांजवळ वाळूच्या गाड्यांची सांडलेली वाळू. अशा रस्त्यावर मागच्या चाकाला ६४ न्यूटन मीटर देणाऱ्या गाडीत हे उपकरण हवंच, त्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत असं आमचं ठाम मत आहे. दुसरं कारण पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गाडी त्यासाठी बनलेली आहे का, हे इंधनाच्या झाकणाजवळचं स्टिकर आणि मॅन्युअल बघून पक्कं करावं. नसेल तर रबरी नळ्या आणि सील यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीने उभी ठेवणं टाळावं लागतं, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

पुण्याची नोंदणी असलेली २०२३ ची ६५०, ११,००० किमी चाललेली, ५ लाख ६० हजारांना ठरली. ३०० चे १ लाख ८५ हजार आले.

तपासणी

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिला हात इंजिनच्या कव्हरला. गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबायचं, कारण थंड इंजिनची पहिली स्टार्ट, पहिल्या मिनिटातला आवाज आणि धूर यांत जे कळतं ते नंतर कळत नाही.

पडलेली गाडी रंगावरून ओळखायला जाऊ नये, फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) बदलता येतं. हँडलच्या टोकाचे वजनी तुकडे, ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं, फूटपेगचं टोक आणि इंजिनचं बाजूचं कव्हर यांवर घासल्याच्या खुणा बघाव्यात. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून ते जिथे अडतं ती लोखंडी खुंटी बघावी. ती चेपलेली किंवा तुटलेली असेल तर पुढून मोठा धक्का बसलेला आहे, ती गाडी सोडून द्यावी. या गाडीत उजव्या फूटपेगला खरवड होती, खुंटी साफ होती. उभ्या गाडीचा पडल्याचा ओरखडा, एवढंच.

फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या) नळीवर बोट फिरवून तेलाचा थर येतो का ते पाहिलं. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर कॅलिपरने मोजून ताडली. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचला, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. टायर मूळचेच होते, मागचा मधोमध सपाट झालेला. बदलायला लागणार हे धरून तेवढी घासाघीस झाली. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू इंजिनला १४ च्या वर. शेवटी गाडी पंखा सुरू होईपर्यंत उभ्या उभ्या चालू ठेवली. खानदेशात जाणाऱ्या गाडीसाठी ही चाचणी सोडू नये. पंखा लागला, पाच-सहा मिनिटांत बंद झाला, कूलंट स्वच्छ रंगाचं होतं, गढूळ किंवा गंजट नव्हतं.

कागदपत्रांत गाडी राज्यातलीच असल्यामुळे दुसऱ्यांदा रोड टॅक्स नाही. मालकीबदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा होता म्हणून फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. चासी नंबर आरसीशी प्रत्यक्ष जुळवला, परिवहनच्या संकेतस्थळावर थकीत चलनं पाहिली. आणि चासी नंबर घालून कंपनीने माघारी बोलावलेल्या दुरुस्त्यांत ही गाडी आहे का, तेही पाहिलं.

विम्यात दोन गोष्टी पुष्कळजण गमावतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी ३०० विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की तोच बोनस, २० ते ५० टक्क्यांपर्यंत जेवढा साठला असेल तेवढा, नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वजा होतो. पत्र तीन वर्षं चालतं. उलट, विकणाऱ्याचा बोनस आपल्याला मिळत नाही, पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची. दुसरी गोष्ट: नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ३५० सीसीवर तो २०२२ च्या दरपत्रकानुसार १५,११७ रुपये आहे. २०२३ च्या गाडीचा तो २०२८ पर्यंत भरलेला होता, तो गाडीबरोबर आला.

पहिले हजार किलोमीटर

गाडी घरी आल्यावर आधी ती अंगाला बसवली. ६५० च्या पुढच्या फोर्कला समायोजन नाही, मागच्या शॉकला फक्त प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) आहे. मोजायची पद्धत सोपी आहे, तीन माणसं लागतात. मागचं चाक हवेत उचलून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. मग चालकाने पूर्ण साहित्य घालून पाय पेगवर ठेवून बसायचं, एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. फरक ३० ते ४० मिमीत यावा. इथे ४६ आला. प्रीलोड वाढवून ३६ वर आणला आणि वळणात गाडी बाहेर पळते अशी जी कुरकुर होती ती तिथेच थांबली. पुष्कळ चालक हीच कुरकुर टायरवर ढकलून टायर बदलतात.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी: पुढे ३२-३३, मागे ३६ पीएसआय. उन्हात वीस किमी चालून पंपावर मोजली तर आकडा तीन-चारने जास्त येतो. तो बघून हवा काढली तर टायर प्रत्यक्षात कमी हवेवर धावतो आणि आणखी तापतो. मे महिन्यात हे चक्र टायर खाऊन टाकतं.

मग ब्रेक. ३०० ला पुढे एक २९० मिमीची डिस्क होती, ६५० ला ३०० मिमीच्या दोन. ताकद वाढली, पण ती वापरायची सवय नाही. औद्योगिक वसाहतीतला एक रुंद, सरळ, सुट्टीच्या दिवशी रिकामा असणारा पट्टा निवडला, आधी झाडून खडी बाजूला केली. ३० च्या वेगाने सुरुवात. पुढचा लिव्हर एकदम न आवळता आधी हलका दाब, फोर्क खाली बसेपर्यंत, मग वाढता दाब. दहा वेळा. मग ५०, मग ७०. शेवटी मुद्दाम एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) लागेपर्यंत, म्हणजे लिव्हरमधली थरथर ओळखीची होते आणि खऱ्या प्रसंगी माणूस घाबरून ब्रेक सोडत नाही. एबीएस लागल्यावर लिव्हर सोडणं ही नव्याची सर्वात महाग चूक आहे.

हे आकडे पाठ असावेत. चांगला चालक कोरड्या रस्त्यावर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करतो आणि भान यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर ७० ला थांबायला सुमारे ५१ मीटर लागतात, ८० ला ६३, १०० ला ९२, १२० ला १२६. खाली पाडलेल्या हेडलाइटचा कामाचा उजेड ५०-६० मीटरचा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी उसाची किंवा कापसाची ट्रॉली त्या उजेडाच्या टोकाला दिसते. म्हणून रात्री, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गाडी कितीही मोठी असो, मोकळ्या पट्ट्यातही ६० हीच कायद्याची आणि नजरेची वरची हद्द. ६५० वर ८० हे ३०० वरच्या ६० सारखं शांत वाटतं, धोका तिथेच आहे.

चूक कुठे झाली

दुसऱ्या महिन्यात, धरणगाव सोडल्यावर. पुढे ट्रॉली, समोर मोकळा रस्ता, त्यापलीकडे फाट्यावर एसटी. चालकाने सहा वर्षांच्या सवयीने सहाव्यावरून चौथ्यावर उतरून मूठ पूर्ण उघडली. ट्रॉली ओलांडली गेली, पण अपेक्षेपेक्षा फार लवकर आणि फार जास्त वेगात. थांबलेली एसटी एकदम अंगावर आली. एबीएस लागला, गाडी सरळ राहिली, एसटीच्या मागे थोडं अंतर राखून थांबली.

बहुतेकजण याला नशीब म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात यात तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या होत्या. एक, गिअरची सवय. ३०० ला दोन गिअर उतरणं गरजेचं होतं, ६५० ला ८० च्या आत एक पुरतो आणि बऱ्याचदा तोही लागत नाही. दोन, मुठीचं माप. ३०० वर पूर्ण मूठ म्हणजे जेमतेम पुरेसं, ६५० वर तेवढ्यासाठी निम्मी पुरते. तीन, आणि हे महत्त्वाचं: डोळ्याने धरलेला अंदाज. ओलांडून झाल्यावर आपण कुठे आणि किती वेगात असू, याचा हिशेब मेंदू जुन्या गाडीच्या मापाने करतो. ओलांडणं यशस्वी होतं, अपघात त्याच्या पुढे होतो.

उपाय म्हणून पुढचे दोन महिने एक नेम ठेवला. ओलांडताना गिअर उतरायचा नाही, पाचव्या-सहाव्यात निम्म्या मुठीवर जायचं, आणि ट्रॉलीच्या पुढच्या चाकाशी आलो की मूठ मिटायची, त्याच्या पुढे गेल्यावर नव्हे. समोर फाटा, ढाबा किंवा पंप दिसत असेल तर ओलांडायचंच नाही. मनगट खाली ठेवून मूठ धरायची, म्हणजे खड्ड्यात हात हिसकला तरी मूठ उघडत नाही, मिटते.

कन्नड घाटात उतरताना उलटी सवय मोडावी लागली. ३०० वर उतारावर दोन गिअर खाली टाकून इंजिनवर गाडी रोखता येत होती. ६५० च्या इंजिनचा ओढा त्याहून जास्त आहे. स्लिपर क्लच धक्का कमी करतो, पण ओल्या वळणावर मागचं चाक तरी सैल पडतं. घाटात दुसऱ्या-तिसऱ्यात स्थिर राहून वळणाआधी ब्रेक संपवायचे आणि वळणातून बाहेर निघताना मूठ हळू उघडायची.

उन्हाचं काय

चहाच्या टपरीवर प्रत्येकजण हेच विचारतो: "गाडी तापस का भाऊ?" तापते. जळगावात आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली दुपारी दोनला गेलात तर पंखा सतत चालू राहतो आणि गुडघ्याखाली गरम हवा लागते. त्याने इंजिन बिघडत नाही. बिघडतं ते दुर्लक्षाने: रेडिएटरच्या पट्ट्यांत चिखल आणि किडे साचणं, आणि कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं पाणी ओतणं. आपल्याकडचं पाणी जड, त्यातला क्षार आत चुन्यासारखा बसतो. तयार कूलंट वापरावं, दर तीन वर्षांनी बदलावं. रेडिएटर धुताना कमी दाबाचं पाणी, आतून बाहेर. प्रेशरने मारलं की पट्ट्या वाकतात. उन्हाळ्यात साइड स्टँडखाली लोखंडी पट्टी ठेवावी, मऊ डांबरात स्टँड रुततो. पावसात काळ्या मातीतही तेच, आणि १९६ किलोची कलंडलेली गाडी एकट्याने उचलणं सोपं नाही.

दुरुस्तीचं अंतर आणि खर्च

अधिकृत वर्कशॉप जवळ नाही हे धरूनच गाडी घेतली. म्हणून कामं दोन भागांत वाटली. घरी किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे: दर ५००-६०० किमीला चेन पुसून तेल, चेनचा ढिलेपणा तिच्या सर्वात ताठ जागी मोजणं, वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड. ऑइल १०डब्ल्यू-४०, डब्यावर जासो एमए२ लिहिलेलं. कारसाठीचं, घर्षण कमी करणारं ऑइल घातलं तर इंजिन ऑइलमध्येच फिरणारा ओला क्लच घसरतो, आणि हे स्वस्तातलं महाग काम जिल्ह्यात बरेचदा घडतं. वर्कशॉपकडे: व्हॉल्व क्लिअरन्स, एबीएसची हवा काढणं, सेन्सरचे दोष. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी.

टायर गावात बदलू नयेत. हाताच्या पहारीने १६० चा टायर काढताना रिमची कड खरवडते, आणि बॅलन्सिंग न करता बसवलेलं चाक ७०-८० ला हँडल थरथरवतं. सोबत ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप, एवढं असलं की बाकी भागतं.

पहिल्या वर्षाचा जास्तीचा खर्च असा बसला: टायरची जोडी २३ हजार, चेन-स्प्रॉकेट १४ हजार, फ्रेम स्लायडर आणि पॅडॉक स्टँड मिळून ११ हजार, विमा १३ हजार, सर्व्हिस १२ हजार, चांगलं जॅकेट, बूट, हातमोजे मिळून ३८ हजार. बेरीज १ लाख ११ हजार. म्हणजे दोन गाड्यांच्या किमतीतल्या ३ लाख ७५ हजारांच्या फरकावर आणखी जवळपास तीस टक्के. ज्याच्याकडे फक्त फरकाची रक्कम आहे त्याने वर्षभर थांबावं. या चालकाने तसंच केलं होतं, म्हणून जॅकेटला कात्री लागली नाही. पेट्रोलचा फरक त्यामानाने किरकोळ, लिटरला चार-पाच किमी कमी.

मागे माणूस बसल्यावर

शिरपूरच्या फेऱ्यांसाठी वेगळी मांडणी लागली. ६५० ची मागची सीट अरुंद आणि उंच आहे. ब्रेक लागला की मागचा माणूस पुढे सरकून चालकाच्या पाठीवर येतो, चालकाचा भार मनगटावर जातो आणि नेमकी तेव्हाच मूठ नकळत फिरते. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी पकड-पट्ट्या लावल्यावर चालक गुडघ्यांनी टाकी धरू शकला आणि हात मोकळे राहिले. मागच्या शॉकचा प्रीलोड दोन खाचा वाढवला. बॅग टेल-रॅकवर न बांधता दोन्ही बाजूंना, खाली बांधली.

हेडलाइटचा झोत त्याच वेळी तपासावा. मागे साठ किलो आले की गाडीचं नाक वर जातं आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड पडतो. भिंतीपासून पाच मीटरवर, दोघं बसून, झोत खाली आणून त्याची वरची कड खडूने आखून ठेवली की पुढच्या वेळी दोन मिनिटांचं काम. परत एकटं निघताना प्रीलोड आणि झोत दोन्ही मागे आणायचे. प्रीलोड तसाच राहिला तर मागची बाजू ताठ होऊन खड्ड्यात चाक हवेत उडतं, आणि झोत तसाच राहिला तर रात्री तो इतका जवळ पडतो की वर हिशेबात धरलेले ५० मीटर ३० वर येतात.